अळूच्या वाफ्यामागची भिंत

सातारा,
ता. १९ सप्टेंबर १९४६

प्रिय आकाराम,

'प्रिय' हा शब्द पत्रलेखनाचा रिवाज म्हणून लिहिला आहे, असे समजावेस. तू आमच्याकडे शाळेसाठी राहायला आलास तेव्हापासून तुला पाठविलेल्या प्रत्येक पत्राचा आरंभ मी याच शब्दाने केला आहे. आज संताप झाला म्हणून तो खोडून 'रा. रा.' लिहावे, हे मला शोभले नसते, आणि तुझ्या आक्काला तर मुळीच खपले नसते. तेव्हा तो शब्द तेथे राहू दे. पुढचे मात्र रिवाजाला धरून असेल असे नाही.

तुझ्यावरचे वॉरंट उठल्यावर वैशाखात तू येथे आलास. बरोबर गावची माणसे होती, गळ्यातला हार अजून ताजा होता. माझ्या ओसरीवर बसून तू चहा घेतलास, आक्काच्या तसबिरीपुढे रडलास, आणि काही बोलायला म्हणून तोंड उघडलेस तोच खोकल्याची उबळ आली, तेव्हा बोलणे अर्धे टाकून उठलास. जाताना कोठीच्या खोलीच्या दाराकडे तू एकदा पाहिलेस. बहिणीच्या आठवणीने पाहिलेस असे मी समजलो. त्या दाराआड काय होते हे तुला ठाऊक होते आणि घराच्या मालकाला नव्हते, हे मला कळायला श्रावण उजाडावा लागला. आणि तेही कोणा माणसाने सांगितले नाही, तळघरात आलेल्या पाण्याने सांगितले.

हे घर मी स्वतः आखून बांधून घेतले, हे तू जाणतोस. बांधकाम खात्यातल्या ओव्हरसिअरच्या घराला ओल लागणे म्हणजे वैद्याच्या पोराला नारू होणे. त्यातून कोठीखालचे तळघर हा माझा अभिमानाचा विषय होता. काळा घडीव दगड, सांध्यांत चुन्याच्या दर्जा, रस्त्याच्या बाजूला हवेसाठी एक झरोका. उंब्रजेहून तुमच्या मळ्यातल्या गुळाच्या ढेपा यायच्या, त्या पुढचा हंगाम येईपर्यंत तेथे कोरड्या ठणठणीत राहत. मी मात्र तेथे क्वचितच उतरत असे. गुडघ्यांची तक्रार होती, आणि कोठी हे तुझ्या आक्काचे राज्य होते. त्यात लुडबूड करणे मला प्रशस्त वाटत नसे. ही माझी सभ्यता तुम्हा भावंडांच्या चांगलीच उपयोगी पडली.

श्रावणात साळूबाई गूळ काढायला खाली गेली आणि 'सायेब, ढेपंला पाझर सुटलाय' म्हणत वर आली. मी खाली जाऊन पाहिले, तर मागची भिंत ओलीचिंब होती आणि तळाची ढेप विरघळून तिचा काकवीसारखा चिखल झाला होता. याकूब गवंड्याला बोलावले. त्याने भिंतीवर थापा मारल्या, कान लावला आणि गंभीर चेहऱ्याने निकाल दिला, 'डोंगराला झरा फुटला, सायेब. ह्या भिंतीला हात लावून काय उपेग न्हाई. आता अजिंक्यताऱ्यालाच गिलावा करा.' त्याला मी सांगितले की, जमिनीतून येणारी ओल पायाशी सुरू होऊन वर चढते आणि डोंगराचे पाणी भिंतभर पसरते. ही ओल मात्र छताखाली हातभर अंतरावर एका जागी उगम पावून खाली उतरली आहे. तो म्हणाला, 'मग झरा वरनं उतरत आसंल.' त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मी रीतीने चौकशी आरंभली. भिंत पुसून तिच्यावर कोरड्या चुन्याची भुकटी उडवली आणि पहिला डाग कोठे उमटतो हे पाहत बसलो. तो दर वेळी त्याच जागी उमटे. मग पावसाने उघडीप दिली; पागोळ्या थांबल्या, परस वाळला, पण डाग उमटतच राहिला. म्हणजे पाऊस निर्दोष होता. नळ बंद करून पाहिला, त्यानेही फरक पडला नाही. मग न्हाणीच्या मोरीचे पाणी अडवून बादल्यांनी लांब टाकायला लावले, आणि भिंत सुकली. मोरीचे पाणी त्या भिंतीकडे जाण्याचे कारण नव्हते, तुझ्या आक्काने ते चर खणून दुसऱ्या कडेला नेले होते. परंतु यंदाच्या उन्हाळ्यात ते पुन्हा भिंतीकडे वळवले होते, आणि वळवणारा मीच होतो. अळूसाठी.

हे अळूचे प्रकरण तुला माहीतच असेल. त्रेचाळीस सालच्या आषाढात मी माण तालुक्यात फिरतीवर असताना तुझ्या आक्काने परसात मागच्या भिंतीला टेकवून रॉकेलच्या डब्यांची एक रांग मांडली आणि त्यांत अळू लावले. मी परतल्यावर विचारले की, अळू मोरीच्या पाण्यावर जमिनीत लावायचे सोडून डब्यांत का? ती म्हणाली, डब्यातले अळू खाजत नाही. माझ्या आयुष्यात मी असे वनस्पतिशास्त्र ऐकले नव्हते. पण पाने सुपाएवढी झाली, भिंत झाकली गेली, आणि मी गप्प बसलो. गेल्या पौषात ती गेली. डबे गंजून फुटू लागले, अळू माना टाकू लागले. तिच्या हातचे एवढेच परसात जिवंत उरले होते. म्हणून मी ते डब्यांतून काढून भिंतीच्या कडेने व्यवस्थित वाफ्यात लावले आणि मोरीचे पाणी त्यावर सोडले. भिंतीलगत वाफा करू नये, हे मी इतरांना आयुष्यभर बजावत आलो आहे. येथे केला, कारण माझ्या भिंतीवर माझा विश्वास होता.

वाफा उकरला तेव्हा मातीखाली भिंतीत एक भोक निघाले. माणसाचा हात कोपरापर्यंत जाईल एवढे, पहारीने ओबडधोबड फोडलेले. बाहेर त्याच्या तोंडावर माती थापलेली होती, म्हणून वाफा करताना ते मला दिसले नव्हते. आतल्या बाजूने ते शेणमातीने लिंपून वर राखाडी फासली होती, म्हणून दगडांत दगड वाटत होते. मी बाहेरून बोळा ओढून काढला. तो हिरव्या इरकली लुगड्याचा होता. ते लुगडे मी तिला सांगलीहून आणले होते, आणि ते उंदरांनी खाल्ले असे मला सांगण्यात आले होते.

साळूबाई मागे उभी होती. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, 'आता भिंतच फोडलीसा, म्या काय झाकू? आकारामदादा हुतं हितं. पावसाळाभर हुतं, थंडीबी काढली.' मला हे कोणीच का सांगितले नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, 'तुमास्नी कसं सांगायचं वं? बाईसाब म्हनायच्या, साळू, आमच्या ह्यांस्नी खोटं बोलाय येत न्हाई गं. बोलाय गेलं की कान लाल हुत्यात. ठावंच नसलं म्हंजे खरं बोलत्याल, आन् सरकार ऐकंल.' आणि वर मलाच विचारते, 'मग, ऐकलं का न्हाई सरकारनं?'

ऐकले, आकाराम. सरकारने माझे अक्षरशः ऐकले. फौजदार दारात आले होते तो दिवस मला लख्ख आठवतो. 'आपला मेहुणा फरारी आहे, विचारावे लागते,' असे ते संकोचाने म्हणाले. मी त्यांना म्हणालो, 'तो माझ्या घरात नाही. माझ्या शब्दावर भागत नसेल तर खुशाल झडती घ्या.' ते म्हणाले, 'आपला शब्द पुरे आहे.' तुझी आक्का माझ्या मागे लिंबाच्या सरबताचे तबक घेऊन उभी होती. तिने ते तबक फौजदारांपुढे धरले. त्या संध्याकाळी तिने अळूवड्या केल्या. मी त्या आवडीने खाल्ल्या आणि तिला म्हणालो, 'खरेपणाचा हाच फायदा असतो, पाहिलेस ना?' ती म्हणाली, 'व्हय की. लय फायदा हाय.' तू खाली हे ऐकत होतास का?

बाकीचेही तू ऐकले असशीलच. तुम्ही मंडळींनी डाकबंगला जाळायचा आणि मी ओसरीवर बसून त्याच्या छपराचे अंदाजपत्रक करायचे, करता करता 'या कार्ट्यांना सागवानाची किंमत ठाऊक आहे का' असे मोठ्याने म्हणायचे, आणि हे सारे माझ्या पायांखाली गुळाच्या ढेपेला टेकून एका कार्ट्याने ऐकायचे. रस्त्याकडचा झरोकाही मीच बुजवून दिला. मुंग्या लागतात, असे ती म्हणाली होती. दिवा बाहेर दिसू नये म्हणून तो बंद हवा होता, हे मला कसे कळावे? आणि तो बंद केल्यावर तू गुदमरू लागलास, म्हणून माझ्याच पहारीने माझी भिंत फोडलीत. माझ्या घरात मी सोडून सर्वांना अक्कल होती.

स्वातंत्र्याच्या कामाला माझा विरोध होता, असा अर्थ यातून काढू नकोस. मी नोकरी केली. निष्ठा कोणावर होती हे मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर काय उत्तर दिले असते, तो माझा प्रश्न होता. तो तुम्ही दोघांनी परस्पर सोडवून टाकलात. माझा राग यासाठी आहे. आणि तो एवढाच असता तर मी तुझ्या नावाने दोन दिवस चडफडलो असतो आणि भिंत बांधून मोकळा झालो असतो.

पंचेचाळीसच्या पावसाळ्यात तिला खोकल्याने धरले. प्रथम आम्ही पडसे समजलो. ताप हटेना, तेव्हा डॉक्टर घरी आले. त्यांनी तपासले आणि मला बाजूला घेऊन विचारले, 'घरात कोणाला जुना खोकला आहे का? असा कोणी आजारी माणूस यांच्या सहवासात राहिला होता का?' मी ठामपणे 'नाही' म्हणालो. माझे कान लाल झाले नाहीत, कारण मी खरे बोलत होतो. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून डॉक्टरांनी पडशाचीच औषधे चालू ठेवली. छातीचा क्षय त्यांनी ओळखला तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. आमचे बोलणे तिला पलंगावरून ऐकू येत होते. तिने माझ्याकडे पाहिले आणि भिंतीकडे तोंड केले. साळूबाई आता सांगते की, उसाच्या फडांत पाऊस अंगावर काढून तू आलास तोच छाती धरून, आणि आक्का तुझ्या उशाशी तासन् तास बसून छातीला तेल चोळत असे. त्या कोंदट जागेत, जिच्यात हवा म्हणून हाताएवढे एक भोक होते. तू तेव्हा अटकेच्या भीतीने गप्प राहिलास, हे मी समजू शकतो. वैशाखात कशाची भीती होती?

शेवटच्या दिवसांत ती फारसे बोलत नसे. एकदा माझा हात धरून म्हणाली, 'अळू डब्यातच ऱ्हाऊ द्या.' मी तो तापाचा भ्रम समजलो आणि 'बरे' म्हणालो. पुढे मी त्या अळूचे काय केले ते तू वाचलेच आहेस.

आता दुरुस्तीविषयी. वाफा काढून टाकला आहे. परसाला भिंतीपासून उतार दिला आहे, मोरीचा चर तिने नेला होता तसाच पुन्हा नेला आहे, अळू नव्या डब्यांत आहे. रस्त्याकडचा झरोका उघडला. आतून सुरखीचुन्याचा गिलावा याकूबने केला. डोंगर हटला, असे तो सर्वांना सांगत फिरतो. भोकाचे तोंड बाहेरून दगडाने बंद केले आहे. आतली ती शेणमाती मात्र खरवडलेली नाही. काम पक्के व्हायचे तर ती काढलीच पाहिजे, हे मला कोणी सांगायला नको. पण दिवा जवळ नेला की तिच्यावर चार बोटे उमटलेली दिसतात. करंगळी थोडी वाकडी आहे, तिची होती तशीच. याकूब थापी घेऊन पुढे झाला तेव्हा मी त्याला घरी पाठवले.

हे सारे ऐकवण्यासाठी मी हे पत्र लिहिलेले नाही. दसऱ्याला उंब्रजेत तुझा सत्कार आहे आणि मी व्यासपीठावर बसावे, असे निमंत्रण मंडळींनी पाठवले आहे. मी येणार नाही. तूही त्या धुरळ्यात भाषणे करायची नाहीस. वैशाखात तुला ओसरीवर जी उबळ आली, ती टाळाटाळ समजून मी श्रावणापासून तुझ्यावर राग धरला. पण तो आवाज मला आता आठवतो आहे, आणि तोच मी गेल्या वर्षी या घरात पावसाळा आणि थंडीभर तुझ्या आक्काच्या छातीतून ऐकला आहे. छातीचा फोटो काढण्याची सोय असलेल्या सांगलीच्या एका डॉक्टरांना मी पत्र घातले आहे. तू येथे ये, म्हणजे आपण दोघे मिळून तिकडे जाऊ. माडीवरची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे. तिला दोन्ही बाजूंनी वारा आहे, आणि आता तू कोठे असतोस हे कोणापासून लपवण्याचे कारण नाही. डॉक्टर तोच प्रश्न पुन्हा विचारतील, आणि या वेळी उत्तर मी देणार आहे. माझ्या राहीच्या घरात मला आणखी एकदा चुकीचे खरे बोलायचे नाही.

राग अजून जसाच्या तसा असलेला, आणि तरीही तुझाच,
मानसिंगदाजी