जोडीतला तारा फुटू दे

३ फेब्रुवारी
आले: लेक, तिचा संगणक, पुस्तकांचे तीन खोके. हमाली साठ! पन्नासवर आणला असता हमालाला, पण लेक म्हणाली, "आई, जिन्यात घासाघीस नको गं." प्रबंध पुरा करायला आली आहे.

५ फेब्रुवारी
भाजी निवडताना विचारलंच — प्रबंध आहे तरी कशावर? तर दोन दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची अख्खी गावं, फार जवळ आल्या की ओढाताण होते, वायू दाबला जातो आणि नव्या ताऱ्यांची पैदास सुरू! त्यांतले दांडगे फार जगत नाहीत, लवकरच फुटतात. फुटलेले मोजले की जन्म किती झाले ते कळतं.

"म्हणजे मयतांवरून पाळणे मोजायचे?"

"हे प्रबंधात घालू का?" खूप हसली. मग खरं काय ते सांगितलं. तिला अजून एक स्फोट हवा आहे. महिनाअखेर मिळाला नाही तर तिच्या मार्गदर्शक बाई सही देणार नाहीत — वर्ष फुकट.

६ फेब्रुवारी
नवस बोलले. तारा फुटू दे, वर्षभर चहा सोडीन. हे म्हणाले, "नवसातही बचत!"

कुणाचं मरण मागणं पाप खरं. पण तारा आहे, माणूस नव्हे. चालेल.

१४ फेब्रुवारी
फुटला! लेक किंचाळली, माझं दूध उतू गेलं.

संध्याकाळी तीच तोंड पाडून बसली. फुटला तो म्हातारा तारा! असले कुठेही फुटतात म्हणे, नव्या पैदाशीशी संबंध नाही. धरता येत नाही.

चूक माझीच. कुठला ते सांगितलंच नाही, देव तरी काय करणार! हे म्हणाले, "पत्ता नीट घालायचास की."

१५ फेब्रुवारी
नवस पुन्हा, नीट: जवळ आलेल्या जोडीतला, तरुण, दांडगा. महिनाअखेरच्या आत.

२४ फेब्रुवारी
काही नाही. लेक पोळी नुसती चिवडते.

२७ फेब्रुवारी
फुटला! तरुण, दांडगा, जोडीतलाच! बाई सही देणार. चहाचा डबा द्यायला शेजारणीकडे निघाले, तर लेक म्हणते, "अगं, हा फुटून आठ कोटी वर्षं झाली. उजेड आत्ता पोचला."

म्हणजे देवा, मी मागायच्या आधीच तू देऊन बसलास! मग चहा सोडायचा की नाही? आधण उकळतंय — उलटटपाली कळव.