हरवलेलं रेशनकार्ड आणि ह्यांचं नाव

डोंबिवली, मंगळवार, मार्च १९५०

मिळालं एकदाचं कार्ड.

जुनं बाजारात पिशवीतून पडलं, तेव्हापासून दुकानदार धान्य देईना. तांदळाच्या डब्याचा तळ दिसू लागलेला. ह्यांना ताप, म्हणून कल्याणच्या कचेरीत मीच गेले. अर्ज ह्यांनी लिहून दिला होता. तरी कारकून म्हणाला, "घरातल्या कर्त्याचं नाव तोंडी सांगा. कार्ड मागायला कोणीही येतं."

बी.ए. झालेली मी, पण अर्जातल्या नावावर नुसतं बोट ठेवलं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आईचं म्हणणं. मी कुठे मानते? तरी लग्नापासून ते नाव कधी उच्चारलं नाही.

"नसेल सांगायचं तर बाजूला व्हा."

मागून मिठागरावरची एक म्हातारी ओरडली, "अगो बाय, बोल ना! नाव घेतल्यानं दादला मरत नाय, भाताबिगर मरल!"

रांग हसली. मी नाव सांगितलं. केवढ्या मोठ्यानं!

येताना तांदूळ घेतले. वाटभर तेच नाव डोक्यात. घरी आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी ह्यांच्या कपाळाला हात लावला. ताप उतरलेला.

"काय गं?"

"काही नाही. भात टाकते."