खाली जाणारा चढ

१३ फेब्रुवारी १९७८, कवठे महांकाळ

आज नववीच्या वर्गात फळ्यावर उतरती रेघ काढून म्हणालो, हिचा चढ काढा. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, रेघ खाली चाललीया, मग चढ कसा?" सगळी हसली. पुस्तकातला शब्द आहे म्हणून मी वेळ मारून नेली.

संध्याकाळी आमच्या विहिरीवर गेलो तर आणखी एक पायरी उघडी. गेल्या सोमवारी ती पाण्याखाली होती. दर आठवड्याला एक पायरी... हाच की तो चढ! शेजारच्या तात्यांच्या विहिरीत पाणी कमी, पण महिनाभर जागचं हललेलं नाही.

आईला म्हणालो, सुमीचं लग्न वैशाखात आपल्या दारात नको, तोवर विहीर तळ गाठेल.

"आपल्या हिरीत लय पाणी हाय रं. तात्यांच्यात निम्मं बी न्हाई."

किती आहे ते ती बघते, किती झपाट्यानं चाललंय ते बघत नाही. की मीच उगाच घाबरतोय? ती पायरी काही डोळ्यांपुढून जात नाही.

तेवढ्यात सुमी हंडा घेऊन आली, धापा टाकत. "दादा, हिरीचा चढ लय वाढलाय बघ."