बगळ्यावरची चार पानं

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुम्हाला काही लिहायचं म्हटलं की मी आधी कच्चं लिहून काढतो. सुट्टीत पाठवलेलं साधं खुशालीचं पत्रही तुम्ही लाल पेनाने तपासून परत पाठवायचात. माझ्या एका पत्राला तुम्ही दहापैकी साडेचार गुण दिले होते आणि खाली शेरा मारला होता, 'पाल्हाळ फार, खुशाली थोडी.' आजही पाल्हाळ होणारच आहे, म्हणून मुख्य गोष्ट आधी सांगून टाकतो. माझ्या एम.ए.च्या लघुप्रबंधातलं तिसरं प्रकरण, लग्नगीतांतल्या पांढऱ्या बगळ्यावरचं, त्यातली चार पानं तुम्ही तोंडी सांगितलीत आणि मी उतरवून घेतली. ती चारही पानं चुकीची होती. हे मला तोंडी परीक्षेच्या आठ दिवस आधी कळलं होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही.

जव्हारच्या कॉलेजात एम.ए. मराठीला आम्ही सात जण. चौघं नोकरी लागेपर्यंत वेळ काढायला आलेले, दोघी लग्न ठरेपर्यंत, आणि मी वसतिगृहातली खोली सुटू नये म्हणून. साहित्याची आवड वगैरे काही नव्हतं, ती तुम्ही आमच्या गळ्यात मारलीत. पहिल्या चाचणीत मी गाईडमधलं उत्तर शब्दाला शब्द लिहिलं. तुम्ही भर वर्गात माझा पेपर वर धरलात आणि म्हणालात, "उत्तर उत्तम आहे. ज्यानं लिहिलंय त्याला माझा नमस्कार कळव. आता तुझं उत्तर कुठाय?" वर्ग हसला आणि मीही हसलो, कारण मला वाटलं तुम्ही खूश झालात. खोलीवर गेल्यावर तासाभराने उलगडा झाला. पार्ट टूला प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी पुन्हा कुठल्याशा जाड पुस्तकाचं नाव घेऊन तुमच्यापुढे उभा राहिलो, तर तुम्ही चष्मा काढलात. "तुझी आई लग्नात गाते म्हणालास ना? घरात विहीर असून तू शेजाऱ्याकडे बादली घेऊन का जातोस?" आणि विषय ठरला, आमच्या पोशेऱ्याची लग्नगीतं. गावची माहिती मला किती, तर सहाव्या वर्षापासून मी आश्रमशाळेत आणि मग वसतिगृहात. मे महिन्यात लग्नं असायची, पण गाणी बायकांनी म्हणायची आणि आम्ही पोरांनी जेवणाची पंगत धरायची, अशी वाटणी होती.

मी घरी जाऊन आईला म्हटलं, गाणी सांग, मला लिहून घ्यायचीत. ती भात कांडत होती. "आता कसली गानी? लगीन हाय का घरात?" एवढंच बोलली. मला वाटलं, लाजते. लोकसाहित्याच्या पुस्तकात वाचलंच होतं की गायिका सुरुवातीला संकोचतात. मी चार दिवस मागे लागलो. शेवटी सांगितलं की गाणी नाही मिळाली तर मार्क मिळणार नाहीत, आणि ऐकायला खुद्द माझे सर येणार आहेत. मार्क हा शब्द आईला पक्का कळायचा. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "बरं, येऊ दे तुजे मास्तरला."

श्रावण संपत आलाय. मोखाड्याहून येणाऱ्या जीपने आपल्याला फाट्यावर सोडलंय आणि तुम्ही पांढरी शुभ्र पँट घालून खाचरांच्या बांधावरून चाललायत. मी पुढे आहे, तुमची बॅग आणि टेपरेकॉर्डर सांभाळत. मागे पचकन आवाज येतो. वळून बघतो तर तुमचा एक बूट चिखलात भरलेला, तुम्ही तो हातात घेऊन पाणी ओतून टाकताय, एका पायावर उभे, छत्री काखेत, आणि पुढे वाट कुठून आहे ते बघायला मान लांब केलेली. पलीकडच्या खाचरात आई आणि माझ्या दोन्ही चुलत्या बेणणी करतायत, भातातलं तण उपटतायत. तिघी हात थांबवून तुमच्याकडे बघत राहतात. तुम्ही लांबूनच नमस्कार करता आणि दुसरा पायही चिखलात जातो.

घरी आईने नागलीची भाकरी आणि सुकट पुढे ठेवली. तुम्ही अगदी संकोचून म्हणालात की मी मासळी खात नाही. मग भाकरी कोऱ्या चहात बुडवून खाल्लीत आणि छान आहे म्हणालात, तेव्हा धाकट्या चुलतीला ठसका लागला. ओटीवर टेपरेकॉर्डर ठेवला. तिघी चुलीपाशी काहीतरी कुजबुजल्या, मग येऊन भिंतीला टेकून बसल्या आणि आईने सुरुवात केली:

"बांधावर आला गं पांढरा बगला,
एका पायावर उभा राह्यला,
मासली नाय खाय, बेडूक नाय खाय,
पान्याकडं बघून मान हालवाय."

तुम्ही डोळे मिटून मान हलवत होतात. चुलत्यांनी पदर तोंडात धरला होता, खांदे हलत होते. तुम्ही वहीत टिपलंत, 'गाताना स्त्रिया भावविवश होऊन पदराने मुख झाकतात.' तो अख्खा दिवस त्या गात राहिल्या, पंधरा गाणी झाली. शेवटी तुम्ही विचारलंत, "आई, हा बगळा म्हणजे नेमकं काय हो?" आई म्हणाली, "बगला म्हंजे बगला." त्यावर तुम्ही लिहिलंत, 'गायिका अर्थ उलगडण्यास राजी नाही. गूढता.' परतीच्या वाटेवर तुम्ही इतके आनंदात होतात की चिखलाकडे बघतही नव्हतात. मासळीच्या देशात मासळी नाकारणारा पक्षी, विवाहाच्या ऐन क्षणी उंबऱ्याशी उभी असलेली विरक्ती, असं काय काय जीपमध्ये बोलत होतात. शेजारी बसलेल्या कोंबडीवाल्यानेही मान डोलावली. त्यातूनच पुढे ती चार पानं झाली.

प्रबंध सोनेरी अक्षरांत बांधून आला तेव्हा मी एक प्रत घेऊन घरी गेलो. आई शाळेत गेलेली नाही, म्हणून म्हटलं वाचून दाखवावं. बगळ्याचं प्रकरण काढलं. विरक्तीशी पोचेपर्यंत आई आणि दोन्ही चुलत्या जमिनीवर आडव्या. हसून हसून डोळ्यांतून पाणी. मी रागावलो तेव्हा आई उठून बसली. "अरं, ती गानी खरी नाय. तुजे बहिनीचा लगीन तवा ठरलेला. मांडव नसताना लग्नाचा गाना तोंडातून काढला तं ठरलेला लगीन मोडतं. मंग मी काय करू? तुजं मार्क बी पाह्यजेत, पोरीचा लगीन बी पाह्यजे." मी विचारलं, म्हणजे सगळी? "सगली तवाच केली. तीन धाकट्या चुलतीची. ती काय बरी नाय झाली." सर, त्याच तीन गाण्यांपुढे तुम्ही 'सामान्य' असा शेरा मारला होतात. मी हळूच विचारलं, मग बगळा? आईने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की एवढा शिकून हा असा कसा. "तुजा मास्तर," ती म्हणाली.

त्या रात्री मला झोप नव्हती. लोकसाहित्याचा विद्यार्थी म्हणवणारा मी, आणि कुठलं गाणं केव्हा म्हणायचं नसतं हे आमच्या घरात फक्त मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन जीपा बदलून जव्हारला तुमच्या खोलीवर आलो, सगळं सांगून टाकायचं ठरवून. तुम्ही दार उघडलंत तेच हातात पत्र घेऊन. बगळ्यावरचा तुमचा निबंध पुण्याच्या चर्चासत्रात स्वीकारला होता. पुण्याहून वर्षभरासाठी म्हणून तुम्ही जव्हारला आलात आणि आयुष्य इथेच गेलं. तेवढ्या काळात तुमचं काही कुठे छापून आलं नाही, वाचून दाखवलं गेलं नाही, आणि स्टाफरूममध्ये तुमच्यामागे लोक काय बोलत ते आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. तुम्ही पत्र मला दोनदा वाचून दाखवलंत. कॉटवर पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलेला. चहा ओतताना तुम्ही अर्धा बशीत सांडलात, आनंदाने. "बोल, काय काम काढलंस?" मी म्हणालो, काही नाही सर, सहज आलो होतो. पोशेऱ्याहून जव्हारला सहज कोणी येत नाही, पण तुम्ही तेही मानलंत.

तोंडी परीक्षेला मुंबईच्या बाई आल्या होत्या. घाटातल्या वळणांनी त्यांचा चेहरा पिवळा पडला होता आणि त्या सारख्या लिंबू हुंगत होत्या. तिसरं प्रकरण उघडून त्या म्हणाल्या, "मी पुष्कळ लग्नगीतं वाचलीत. हा बगळा मला कुठेच भेटला नाही. हे पारंपरिकच आहे ना नक्की?" एका वाक्याचं काम होतं, सर. ते बोललो असतो तर माझी डिग्री गेली असती आणि तुमचं पुणेही. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो. तुम्ही खिडकीपाशी उभे होतात. तुम्ही पुढे येऊन म्हणालात, "मॅडम, मी स्वतः त्या ओटीवर बसून ऐकलंय. हा मुलगा खोटं लिहिणार नाही. माझी एवढी वर्षांची नोकरी मी याच्या शब्दावर लावतो." बाईंनी तुमच्याकडे बघितलं, मग पानाकडे, मग पुन्हा तुमच्याकडे, पांढरा शर्ट, पांढरी पँट, पुढे काढलेली मान. त्यांनी लिंबू पुन्हा नाकाशी धरलं. मग म्हणाल्या, "वर्णन मात्र अगदी जिवंत आहे." आणि मला पहिला वर्ग दिला.

वैशाखात बहिणीचं लग्न झालं. तुम्ही आलात. मांडवात आईने खरी गाणी म्हटली, पहाटेपर्यंत. तुम्ही डोळे मिटून सगळी ऐकलीत आणि मला बाजूला घेऊन विचारलंत, "अरे, बगळ्याचं का नाही म्हटलं?" मी घाम पुसतोय तोवर आईच मागून म्हणाली, "तो येवून बसलाय, त्याला आनि गान्यात कशाला बोलवू?" तुम्ही लगेच खिशातून डायरी काढलीत.

आता मी आश्रमशाळेत मराठी शिकवतो आणि गाईडमधून उतरवणाऱ्या पोरांना तुमचंच वाक्य ऐकवतो. तीही तशीच हसतात. तुम्ही गेल्याची बातमी मी आईला सांगितली तेव्हा ती नागली पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "मासली खात नव्हता बिचारा," आणि त्या दिवशी सूप पुन्हा उचललं नाही. पुण्याला तुमच्या घरी वहिनींना भेटायला गेलो होतो. त्या चर्चासत्राचं प्रमाणपत्र त्यांनी फ्रेम करून देवघराशेजारी लावलंय. म्हणून हे पत्र त्या पत्त्यावर जाणार नाही, आणि दुसरा पत्ता माझ्याकडे नाही.

मी स्वतःला कायम सांगत आलो की डिग्रीसाठी गप्प बसलो, आणि वर तुमच्या आनंदासाठी. दोन्ही खरं आहे, पण पुरतं नाही. सर, माझ्या आईने चुलीपाशी बसल्या बसल्या चार ओळी केल्या आणि एका शिकलेल्या माणसाने त्यांच्यावर चार पानं लिहिली. पानं चुकली असतील, पण ओळी चांगल्या आहेत हे तुम्हाला ऐकताक्षणी कळलं होतं, आणि ती पानं मला माझ्या हाताने खोडायची नव्हती. त्या गाण्याखाली मात्र मी तेव्हा लिहून दिलं, 'पारंपरिक, रचनाकार अज्ञात.' अज्ञात कसली, ती तुमच्यासाठी कोरा चहा करत होती. परवा मी आईला विचारलं, तुझं नाव घालू का तिथे? ती म्हणाली, "मंग तुजं मार्क नाय ना कापनार?"

गेल्या शनिवारी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन माझा प्रबंध काढला. इतक्या वर्षांत तो कुणीही नेलेला नाही. 'अज्ञात'वर रेघ मारली आणि शेजारी आईचं नाव लिहिलं. पेन्सिलीने लिहिलं. पेन खिशातच होतं, सर.