परदेशी बाळाच्या कातडीचा बाळंतविडा

भोर, मंगळवार, ८ फेब्रुवारी २००५

तीर्थरूप नव्हे, पण तेवढेच वडीलधारे गेनबाअण्णा यांस जलील टेलरचा सलाम आणि रामराम, दोन्ही.

विंझरला हरभरा कसा आहे, ठकुबाईवहिनींचा गुडघा काय म्हणतो, म्हैस दूध देते का, ते कळवावं. तुमच्या टाचेच्या जखमेचं विचारत नाही. "हळद दाबलीया, लई बेस हाय," असंच तुम्ही सांगणार. (हे गणपतीपासून ऐकतो आहे.)

माझ्या उजव्या पायाची जखम तुम्हाला ठाऊक आहे. साखरेचा आजार आपल्या दोघांनाही. महिने उलटले तरी ती मिटेना, आणि मशीन चालतं पायानं, त्यामुळे निम्मं भोर उघडं पडायची वेळ आली. पुण्याच्या डॉक्टरांनी घोट्यापासून पाय काढायची भाषा सुरू केली. मग म्हणाले, परदेशी कंपनीची तयार कातडी आली आहे, लावून बघू. बशीएवढी गोल चकती, गुलाबी खळीवर ठेवलेली. चाळीस वर्षं कापड बेतलं, पण इतकं पातळ अस्तर पाहिलं नव्हतं. मला वाटलं प्लॅस्टिक असेल. डॉक्टर म्हणाले, माणसाची आहे, जिवंत आहे. तिकडे तान्ह्या मुलाची सुंता झाली की तो तुकडा आईबापाच्या परवानगीनं घेतात आणि त्यातून कातडी वाढवतात. (आमच्या घरात तीन पिढ्यांचे तुकडे कढीपत्त्याखाली पुरले. कारखाना काढावा असं कुणालाच सुचलं नाही. कढीपत्ता मात्र जोरात आहे.)

घरी आल्यावर आमच्या मंडळीनं, अकिलानं, एकच विचारलं, "मग त्या बाळाला काय दिलं तुमी?" बाई खरं बोलली. लेकराचं घेतलं आणि बाळंतविडा नाही? तेव्हा एक पाय उशीवर ठेवून, दुसऱ्यानं मशीन मारत पिवळ्या मलमलीचं झबलं आणि कुंची शिवली, लेस लावली आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे ठेवली, म्हटलं कंपनीमार्फत पोचवा. डॉक्टरांनी झबलं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, एका तुकड्यातून अशा हजारो चकत्या निघतात, वर्षानुवर्षं. ते बाळ आता मिसरूड फुटायच्या वयाचं असेल. आता मिसरूड फुटलेल्या परदेशी पोराचं माप मी कुणाकडून आणू? झबलं नर्सबाईंनी ठेवून घेतलं, त्यांच्या बहिणीला दिवस गेले आहेत.

काल पट्टी सोडली. जखम मिटली, पाय राहिला. कातडी कुणाची, कुठल्या जातीची, हे माझ्या पायानं काही विचारलं नाही.

पत्र तुमच्या हनुमंताच्या हाती देतो आहे, कॉलेज सुटलं की तो थेट घरी येईल. वहिनींना नमस्कार.

आपला,
जलील

ता.क. : डॉक्टरांकडे अशी एकच चकती उरली आहे आणि ती शनिवारी वाया जाते. तुम्हाला न विचारता तुमचं नाव सांगून आलो आहे. टाच बघतील, कातडी धरण्यासारखी असली तर लावतील. शुक्रवारी पहिल्या एस.टी.नं नसरापूरला उतरा, मी फाट्यावर उभा राहीन, तिथून बरोबरच पुण्याला जाऊ.

ता.क. दुसरा : एक गोष्ट वर लिहिली नाही. माझ्या त्याच पायाचा अंगठा डॉक्टरांनी नाताळात कापून काढला. कातडी लावली ती मागं उरलेल्या जखमेवर. डॉक्टर दिवाळीपासून बोलावत होते. मी सगळ्यांना सांगितलं, लग्नाची कापडं पडली आहेत, सवड नाही. दुकानात एक कापड नव्हतं. मला भीती वाटत होती, अण्णा.