गिनीपिगच्या वंशवृक्षात एक माणूस

तीर्थरूप मामांना,

ठकीचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे अगदी खराखुरा, कारण परवा पिंजऱ्यांची चळत उचलताना कमरेत उसण भरली आणि सध्या मी कुणाहीसमोर उभी राहिले तरी नमस्कारच करते आहे असं दिसतं. (आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याने दोनदा आशीर्वाद दिला.) तुमचा डोळा आता कसा आहे? ऑपरेशननंतर महिनाभर बारीक काम करायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं असताना तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसलात, हे मला कळलं आहे. मामीने चुगली केलेली नाही. तिने फोनवर फक्त एक लांब सुस्कारा सोडला आणि मागून चिमट्याचा आवाज आला. तिच्या गुडघ्याला शेक चालू आहे ना? तिला म्हणावं, माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचं नाही. डबे कुठे पळून जात नाहीत.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं की, ठके, तू नक्की काय करतेस ते एकदा नीट लिही, म्हणजे मला चार लोकांत सांगता येईल. प्रश्न रास्त आहे, आणि हा सगळा घोळ आईने घातलेला आहे. मी एकदा तिला हौसेने मराठीत करून सांगितलं की मी उंदरांमधल्या एका ग्राहकाचा अभ्यास करते. तेव्हापासून ती शेजारीपाजारी सांगते की ठकी मोठ्या दुकानात गिऱ्हाइकं सांभाळते. उंदरांचा भाग ती गाळते.

तर ऐका. जिभेवर कडू पदार्थ पडला की तो कडू आहे ही बातमी आत कुणीतरी पोचवावी लागते. ते काम करणारा एक चिमुकला रेणू असतो, तोच हा ग्राहक. जिभेतल्या पेशीच्या पापुद्र्यातून तो सात वेळा आत-बाहेर ओवलेला असतो, मामी गोधडीला धावदोरा घालते तसा. हा रेणू कसा बनवायचा याची कृती ज्या मजकुरात लिहिलेली असते ते त्याचं जनुक. बहुतेक जनुकांच्या मजकुरात मधे मधे भारंभार फालतू ओळी असतात, पण आमचं जनुक फार सरळमार्गी आहे; जेमतेम नऊशे अक्षरं, सुरू झालं की न थांबता शेवटपर्यंत. (आमच्या घराण्यात असं कुणी नाही. हे पत्रच बघा.) हे जनुक अंगातल्या प्रत्येक पेशीत असतं, पण बोलतं मोजक्याच ठिकाणी. कुठे कुठे बोलतं ते शोधणं हे माझं पहिल्या दोन वर्षांचं काम होतं. ते जिभेत बोलतं हे सगळ्यांना ठाऊकच होतं. मला ते उंदराच्या आतड्यातही बोलताना सापडलं. मी ही बातमी धावत जाऊन आमच्या पिंजरेवाल्या काकांना सांगितली (पिंजरे धुणं, भुसा बदलणं, दाणापाणी हे सगळं तेच बघतात, आणि त्यांना मी रोज सगळं सांगते). ते भुसा पसरता पसरता म्हणाले, "त्यात काय. माझ्याही पोटाला कळतं सगळं. जीभ उगाच मिरवते."

तिसऱ्या वर्षाचं काम म्हणजे वंशवृक्ष. घरातला उंदीर, शेतातला उंदीर, घूस, खार, हॅमस्टर, गिनीपिग, हे सगळे एका मोठ्या कुळातले चुलत-मावस. प्रत्येकाकडे या जनुकाची थोडीथोडी वेगळी प्रत आहे. कुठे एकाच्या चार प्रती झाल्या, कुठे एखादी मोडून निकामी झाली. सगळ्यांची अक्षरं शेजारी शेजारी मांडली की कोण कुणापासून कधी वेगळं निघालं याचा अंदाज येतो. आमच्या सरांचं आयुष्य या झाडापायी गेलेलं आहे. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. माणूस उंच, शर्टाचं एक बटण नेहमी चुकीच्या काजात, हातात चहाचा कप कायम, आणि तो चहा ते सकाळी करून घेतात आणि दुपारपर्यंत पुरवतात. पाच तास भिजलेल्या पत्तीचा तो काळा अर्क आमच्यापैकी एकाने एकदा चुकून प्यायला होता. तो बिचारा नंतर शाखा बदलून गेला.

माझ्या झाडावर सगळे आले होते, एक गिनीपिग राहिला होता. तो मिळाला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून. त्यांच्याकडचा एक म्हातारा गिनीपिग (त्याला सगळे आजोबा म्हणत) वयोमानाने गेला होता आणि त्याच्या कानाचा तुकडा त्यांनी बाटलीत घालून ठेवला होता. किती दिवस ठेवला होता ते विचारायला हवं होतं, पण मी विचारलं नाही. बाटली आली त्या दिवशी प्रयोगशाळेत बारसं असल्यासारखी गर्दी झाली. मी झाकण उघडलं, तुकडा नळीत घातला, आणि सर माझ्या खांद्यावरून वाकून, कप हातात धरून, गिनीपिग हा मुळात उंदरांच्या कुळात मोडतो का या जुन्या वादावर पंधरा मिनिटं बोलले. मी तोंडाला पट्टी बांधलेली नव्हती, कारण तिचा बंद तुटला होता, आणि मधे मधे मीही बोलत होते. माझं बोलणं तुम्हाला माहीत आहे. शिवाय अशा कामात दरवेळी एक रिकामी नळीही सोबत चालवायची असते, म्हणजे बाहेरची घाण आत आली तर त्या नळीतही दिसून कळतं. त्या दिवशी मी ती चालवली नाही. का नाही, याला उत्तर नाही. आळस, मामा.

आठवड्याने अक्षरं हातात आली. मी ती संगणकात घातली, झाड काढलं आणि बघते तो आजोबा उंदरांच्या फांदीवर नाहीतच. घूस, खार, सगळे एकीकडे दाटीवाटीने बसलेले आणि आजोबा पार पलीकडच्या टोकाला, तुलनेसाठी ठेवलेल्या माणसाच्या मांडीला मांडी लावून. मी घाबरत घाबरत कागद सरांपुढे ठेवला. सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला, परत काढला. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी वीस वर्षं हेच सांगतोय." गिनीपिग उंदरांचा सख्खा नाही, असं त्यांचं मत होतं आणि त्यावरून त्यांना भर सभेत लोक हसलेले होते. त्या दिवशी ते खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले आणि त्यांचा कप माझ्या टेबलावरच विसरले. मला इतका आनंद झाला की मी तो कप धुऊन ठेवला. (आतला काळा थर निघाला नाही.)

पुढचं सगळं फार वेगात झालं. सरांनी चार दिवसांत लेख लिहून पाठवूनही दिला, वर माझं नाव पहिलं घातलं, आणि पाचव्या दिवशी सगळ्या विभागापुढे व्याख्यान ठेवलं. बटणं बरोबर लावली होती. पडद्यावर माझं झाड झळकलं. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि आईला फोनवर हे कसं सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात मागून टाचणी उठली. टाचणी म्हणजे माझ्या वरच्या वर्गातली मुलगी. किडकिडीत, आणि जिथे टोचायला नको नेमकी तिथे टोचते.

"सर," ती म्हणाली, "ही अक्षरं मी काल माणसाच्या जनुकाशी ताडून पाहिली. हा गिनीपिग माणसाच्या जवळचा नाही."

सर हसून म्हणाले, "मग कुणाच्या जवळचा आहे?"

"तो माणूसच आहे."

टाचणी पुढे येऊन पडद्यावर दाखवायला लागली. नऊशे अक्षरांत फक्त तीन जागी फरक, आणि त्या तिन्ही जागा प्रसिद्ध. काही माणसांना एक विशिष्ट कडू चव लागतच नाही, तीन-चार जणांत एखाद्याला. त्यांच्या जनुकात याच तीन जागी वेगळी अक्षरं असतात. म्हणजे आजोबांच्या कानाचा तुकडा इतका जुना होता की त्यात वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि नळीत कुणाची तरी थुंकी उडालेली होती. जनुकाच्या प्रती काढणाऱ्या यंत्राने नळीत जे सापडलं त्याच्या इमानेइतबारे लाखो प्रती काढल्या. मामा, मी त्या क्षणी खुर्चीत इतकी खाली सरकले की शेजारच्याला वाटलं माझं काही हरवलं आहे.

सरांनी पडदा बंद केला, सगळ्यांना घेऊन प्रयोगशाळेत आले आणि कपाटातून कडू द्रावणात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्यांची डबी काढली. ज्याला चव लागणार नाही तो नळीतला माणूस, असा साधा हिशोब. बाटली उघडली तेव्हा हजर असलेले आम्ही आठ जण ओळीत उभे राहिलो. पहिली टाचणी. तिने पट्टी जिभेवर ठेवली आणि तिचा चेहरा असा आक्रसला की त्या प्रसंगीही मला बरं वाटलं. मग दुसरा, मग मी, मग बाकीचे. ज्याचं त्याचं तोंड वाकडं. पिंजरेवाले काका तर सरळ बेसिनकडे धावले. सगळ्यात शेवटी सर. त्यांनी पट्टी जिभेवर ठेवली, चघळली, उलटी करून पुन्हा चघळली. आम्ही बघत होतो. त्यांनी ती तोंडातून काढली आणि म्हणाले, "कोरा कागद आहे."

मग त्या चहाचाही उलगडा झाला. पण हसलं कुणी नाही. सर तिथेच स्टुलावर बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले की चूक माझी आहे, उघड्या नळीवर बडबड मी केली, आणि मला जे हवं होतं ते दिसलं म्हणून मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी लेख मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. त्यात "माझ्या हलगर्जीपणामुळे" असं होतं. आपल्या वीस वर्षांच्या मताचं काय, असं टाचणीने विचारलं (तिला विचारल्याशिवाय राहवत नाही), तर म्हणाले, "ते होतं तिथेच आहे. पुरावा तेवढा गेला."

असो. फार लांबलं. मामीला नमस्कार, तुमच्या डोळ्याला विश्रांती.

तुमची भाची,
ठकी

ता. क. कामाचं लिहायचं राहिलंच. नवा गिनीपिग, ताजा तुकडा, सगळं पहिल्यापासून, म्हणजे माझा प्रबंध एक वर्ष पुढे गेला. आईला मी "या वर्षी नक्की" असं सलग तिसऱ्यांदा सांगून बसले आहे. तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही, तेव्हा तुम्ही तिला सांगाल का? जेवण झाल्यावर सांगा, आधी नको. दुकानात गिऱ्हाईक वाढलं म्हणून ठकीला सोडत नाहीत, असं सांगितलंत तरी चालेल.

ता. क. २. मामा, वर एक गोष्ट मी गाळली. मलाही त्या पट्टीची चव लागली नाही. कडू नाही, काहीच नाही. माझ्या आधीच्या दोघांची तोंडं वाकडी झालेली पाहून मीही केलं. वाटलं, पुढे कुणीतरी निघेलच. आणि सर निघाले. चार दिवस झाले, सरांच्या समोर जायचं टाळते आहे. एवढं लांबलचक पत्र खरं तर हे लिहायला घेतलं होतं आणि तिथवर यायला इतकी पानं लागली. सांगू का सरांना?

ता. क. ३. तुमच्या उत्तराची वाट पाहण्याइतका धीर निघाला नाही. आत्ता जाऊन सांगून आले. सर कपात बघत बसले होते. म्हणाले, "माहीत आहे. सगळ्यांची तोंडं पट्टी लावल्यावर वाकडी झाली. तुझं आधी झालं आणि मग पट्टी जिभेवर गेली." मी विचारलं, मग तुम्ही सगळं अंगावर का घेतलंत? तर म्हणाले, "मला चव लागली नाही, ते मी सांगितलं. तू काय सांगायचं ते तुझं." मग नळीतली थुंकी नक्की कुणाची, तुमची की माझी, ते यंत्रावर तपासायचं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "गिनीपिगची नाही, एवढं कळलंय. उद्या नऊला ये, तोंडाच्या पट्टीचे बंद शिवून घे, आणि रिकामी नळी आधी लाव." जाताना मला त्यांनी कपातला चहा दिला. प्यायले. चांगला होता.