साठीच्या पुढे फी माफ

४ ऑगस्ट

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कागदावर लिहिते आहे याचं नवल वाटून घेऊ नकोस. तुझे ई-मेलचे पत्ते इतके झालेत की त्यातला जिवंत कुठला आणि मेलेला कुठला हे तुझं तुलाच ठाऊक. मागे एकावर आईच्या तपासणीचे रिपोर्ट पाठवले, तर उत्तर आलं की असा कुणी माणूस नाही. वाचून मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

इथे सगळे बरे आहोत. शाळा सुरू झाल्यामुळे चष्म्याच्या दुकानात उसंत नाही. तुझ्या मेहुण्यांची पाठ अजून धरलेलीच आहे आणि तोंड अजून सुटलेलंच आहे.

आता मुद्द्याचं. काल आईच्या नावाने कॉलेजचं पार्सल आलं. भूगर्भशास्त्राची जाडजूड पुस्तकं, फोटोचं ओळखपत्र आणि अभिनंदनाचं पत्र. आई ओळखपत्र हातात घेऊन खुर्चीत बसली ती उठेचना. मी काही विचारायच्या आत तिनेच ठरवून टाकलं की हे तुझं काम. आजोबा अंथरुणाला खिळले, हिची आठवीतून शाळा सुटली आणि ही कारखान्यात बटणं लावायला बसली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिच्या मते शेंडेफळाने ते मनात जपलं आणि गुपचूप प्रवेश घेऊन दिला. शेजारच्या नर्सबाईंना दाखवून आली. मग न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली.

मी काही रडले नाही, कारण मी तुला ओळखते. गेलेल्या आत्याच्या नावावर महिनाभर फुकट गाणी ऐकणारा तू. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला ई-मेल काढून देणारा तू. आईच्या पेन्शनच्या कामासाठी म्हणून मी तुला तिची कागदपत्रं पाठवली होती, पेन्शनचं काम अजून झालेलं नाही, आणि आई मात्र कॉलेजात गेली. यात तुझं काय फुकटात सुटलं, तेवढं कळव.

तुझी,
ताई

११ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. कागदावर लिहिलंस ते झकास केलंस. ऑनलाइन काही लिहून ठेवू नये, या कंपन्या सगळं वाचतात.

तू उगाच पोलिसी खाक्यात लिहितेस. सरळ गोष्ट आहे. मी ज्या सॉफ्टवेअरवर दुकानांच्या जाहिरातींचे व्हिडिओ कापतो-जोडतो, त्याचं सबस्क्रिप्शन म्हणजे दरोडा आहे. इतके दिवस मी ट्रायलवर भागवलं. मग रद्द करतो म्हटलं की कंपनी गयावया करून दोन महिने फुकट देते, ते पुरवून पुरवून वापरले. तीही वाट त्यांनी बुजवली. पण विद्यार्थ्यांना सगळं मोफत आहे, फक्त कॉलेजचा ई-मेल लागतो. आणि तुमच्या गावच्या कॉलेजात साठीच्या पुढे फी माफ, शाळेचा दाखलाही नको. मग साठीच्या पुढे आपल्याकडे कोण आहे? विषय असा निवडला ज्याला काळं कुत्रं विचारत नाही, म्हणजे जागा नक्की. पुस्तकं घरी पाठवतील हे डोक्यात आलं नाही, तेवढीच एक चूक.

यात कुणाचं काय गेलं ते सांग. कंपनी गबर आहे, कॉलेजला बाक भरल्याचं समाधान, आणि आई खूश. पूर्ण किंमत भरणारे लोक मला तरी बावळट वाटतात. रांगेत उभं राहायची हौस असते एकेकाला.

आईला काही सांगू नकोस. आठवड्या-दोन आठवड्यांत तिचा उत्साह मावळेल. फक्त हजेरी लागली पाहिजे, नाहीतर खातं बंद होईल, हा नियम मला आता कळला, तेव्हा अधूनमधून तिला पाठवत जा. मेहुण्यांच्या पाठीला आणि तोंडालाही आराम पडो.

तुझाच,
धाकटा

२ सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून यांना वाचायला दिलं. ते म्हणाले की या मुलाला आपली आईसुद्धा कूपन वाटते. त्यांच्याशी माझं सहसा एकमत होत नाही, या वेळी झालं.

उत्साह मावळला नाही, महाराज. उलट मला घरात पाय ठेवायला जागा उरलेली नाही. खिडकीच्या कट्ट्यावर दगड, फडताळात दगड, माझ्या डब्याच्या पिशवीत दगड. रस्त्याचं काम चालू आहे तिथे ती कामगारांना बाजूला व्हायला लावून खड्ड्यात डोकावते आणि थर मोजते. वर्गात सगळ्यांत पुढे बसते. शिकवणारे सर तरुण आहेत, तिला आजी म्हणाले, तर तिने त्यांना सांगितलं की वर्गात मी हजेरीपटावरच्या नावानेच ओळखली जाईन. पहिल्या चाचणीत नापास झाली. दुसऱ्या दिवशी सरांकडे जाऊन चुका समजून घेऊन आली.

तू तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकतोस आणि तिची हजेरी लावून घ्यायला मला सांगतोस. मी तिला रोज सोडायला जाते, पण तुझ्या खात्यासाठी नाही. पैसे भरणारे बावळट, असं तू लिहिलंस. मग तुझ्या व्हिडिओचं बिल दुकानदार भरतात तेही बावळटच म्हणायचे. त्यांना कळव एकदा.

एक सांगते. हे तिला बाहेरून कळलं तर ती खचेल. आपण कुणाला तरी आठवलो, एवढ्यावर ती सध्या चालते आहे. तू ये आणि स्वतः सांग. मी सांगणार नाही, तुझी घाण मी का काढू?

ताई

२० सप्टेंबर

चि. शेंडेफळास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझी खुशाली ताईकडून कळते. फोनवर तू घाईत असतोस, म्हणून लिहिते. हस्ताक्षराला हसू नकोस, आता रोज लिहिते त्यामुळे सुधारलं आहे.

मी नदीकाठचा एक गोटा आणला, सर म्हणाले की तो नदीने फार लांबून आणलेला आहे, इथला नव्हेच. मी बटणं लावायचे तेव्हा चांगला धागा आणि कच्चा धागा बोटांना कळायचा, तसंच दगडाचं आहे. सर म्हणाले की हात चांगला आहे, आता पुस्तकही तसंच लागू दे. मठ्ठ डोकं आहे माझं, चार वेळा वाचावं तेव्हा एकदा शिरतं. पण शिरतं.

तुझे वडील असते तर हसले असते आणि मग माझी पुस्तकं वाहून नेली असती. तुला मी काही मागितलं नव्हतं. न मागता दिलंस, याचं मला फार अप्रूप आहे. कॉलेजच्या संगणकावर माझं खातं उघडायला सांगतात, ते तू सांभाळतोस असं मी सरांना सांगितलं आहे. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई

१४ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

जरा भानगड झाली आहे, शांतपणे वाच. आईच्या खात्याचा पासवर्ड मी माझ्या धंद्यातल्या मित्रांना दिला होता. सगळेच अडचणीत होते, आणि माझं काय जात होतं? आता कॉलेजच्या लक्षात आलं आहे की एक विद्यार्थिनी एकाच वेळी चार शहरांत बसून साबणाच्या आणि टायरच्या जाहिराती बनवते आहे. त्यांनी ई-मेलवर ताकीद दिली होती. तो ई-मेल मीच बघतो, मी पुसून टाकली. दुसरीही पुसली. आता ते प्रवेश रद्द करायचं म्हणताहेत आणि आईला घरी नोटीस पाठवणार आहेत.

माझं ऐक. आईने लिहून द्यावं की व्हिडिओ तीच करते, छंद म्हणून, आणि पासवर्ड चुकून फुटला. म्हातारी बाई, हात जोडेल, कोण काय करणार आहे? फार तर नाव काढतील. तसंही तिला भूगर्भशास्त्राचा काय उपयोग? माझ्या मात्र मोठ्या गिऱ्हाईकाच्या जाहिरातीची सगळी फाइल त्या खात्यात आहे. महिनाअखेरीपर्यंत खातं चाललं पाहिजे. तू तिला नीट समजावून सांगितलंस तर ती ऐकेल. माझ्यासाठी ती काहीही करेल, तुला माहीत आहे.

तुझाच,
धाकटा

१९ ऑक्टोबर

धाकट्यास,

आशीर्वाद या वेळी राहू देत.

तुझं पत्र दुकानात वाचलं. समोर गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला मी चुकीच्या डोळ्याला चुकीची काच लावली. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. आपल्या आईला चोर ठरवायचं, तेही तिच्याच हस्ताक्षरात, आणि कारण काय तर टायरची जाहिरात. लहानपणी तू काच फोडून माझं नाव सांगायचास तेव्हा आई म्हणायची की मोठा झाला की सुधारेल. मोठा झालास, आता तू आईचं नाव सांगतोस.

नोटीस आली. आईनेच उघडली. गुरुवारी सकाळी कॉलेजात बोलावलं आहे. तिला वाटतं आहे की आपण नदीकाठचे दगड न विचारता उचलले म्हणून हे चाललं आहे, आणि ती ते धुऊन, पुसून परत करायला निघाली आहे. तिला वर्गातून काढलं तर ती पुन्हा कुठल्या दाराशी जाणार नाही, हे तुला कळत नसेल तर मला कळतं.

बुधवारच्या गाडीने ये. तिच्या शेजारी उभा राहा आणि खरं काय ते बोल. नाही आलास तर तुझं पत्र मी तिच्या हातात देईन. मी सांगणार नाही म्हटलं होतं, सांगणार नाहीच. ती स्वतः वाचेल.

ताई

२५ ऑक्टोबर

चि. मुलास,

तू आला नाहीस. काम निघालं, असं ताईच्या फोनवर सांगितलंस. ताईने तुझं पत्र मला बसथांब्यावर दिलं. बस येईपर्यंत मी ते वाचलं, आणि बस आल्यावर परत एकदा वाचलं, कारण तुला वाटतं तसं मला एका वाचनात कळत नाही.

कॉलेजात लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते. माझे सर बाजूला उभे होते, त्यांचाच चेहरा उतरला होता. त्या लोकांनी कागदावर छापून आणलं होतं, कुठल्या दिवशी माझ्या खात्यावर काय काय झालं. मग संगणकावर ते व्हिडिओही दाखवले. साबणाचा बरा होता. मधल्या बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या की आजकाल कुणीही कुणाचं खातं चोरतं, तुम्हाला काही ठाऊक नसेलच, तसं म्हणा आणि सही करा, आम्ही विषय मिटवतो. सरांनीही मान हलवली. सगळ्यांनी मला वाट करून दिली होती. त्या वाटेने तूही सुटला असतास.

मी सांगितलं की कुणी चोरलं ते मला ठाऊक आहे. तुझं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, फोन सांगितला. प्रवेशही त्यानेच घेतला आणि तो माझ्यासाठी नव्हता, तेही सांगितलं. त्या बाई लिहिता लिहिता थांबल्या आणि त्यांनी विचारलं की हा तुमचा मुलगाच ना. मी म्हटलं की हो, म्हणून तर पत्ता पाठ आहे.

मग मी म्हणाले की अर्ज त्याने केला असेल, पण वर्गात मी बसले आहे आणि नापासही मी झाले आहे. माझी जागा मला हवी आहे. त्यांनी मला बाहेर बसवलं. आत बराच वेळ बोलणं चाललं होतं. मग सर बाहेर आले आणि त्यांनी मला नवा अर्ज दिला. तो मी माझ्या हाताने भरला. जुनं खातं त्यांनी तिथल्या तिथे पुसलं. त्यात तुझं जे होतं ते गेलं. त्यांनी मला आधी विचारलं होतं, काही ठेवायचं आहे का. मी नाही म्हटलं. तुझ्या घरी त्यांचं पत्र येईल, कंपनीचंही येईल म्हणतात. जे काय होईल ते भोग.

फसवलंस याचा राग आहे, तो ओसरेल. कारखान्यात आम्हाला मुकादमही फसवायचा. पण मी कॉलेजात निघाले की मनात म्हणायचे, एका मुलाला माझी आठवण झाली. तू लिहिलं आहेस की मला याचा काय उपयोग. मुला, तुला आठवण झालीच नव्हती. साठी उलटलेलं माणूस तुला हवं होतं, ते मी निघाले. हे मला फार लागलं. ताईसमोर मी बोलले नाही, तुला सांगते.

माझ्यासाठी ती काहीही करेल, असंही तू लिहिलंस. करत आले खरी. आता परीक्षा जवळ आली आहे, ती होईपर्यंत येऊ नकोस आणि फोन करू नकोस. तुझं बरं व्हावं असंच मला वाटतं, ते माझ्याकडून व्हावं असं मात्र आता वाटत नाही.

तुझी,
आई